नोंदी पोचल्याच नाहीत तर?

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एखाद्या दुकानात बिल होतं, तेव्हा संगणकात दोन गोष्टी उमटतात. एक बिल, ते गिऱ्हाइकाच्या हातात जातं. दुसरी लॉगमधली ओळ: किती वाजता, कोणत्या काउंटरवरून, कोणतं काम झालं, कुठे अडलं. ही ओळ एरवी कोणी वाचत नाही. बिलिंगचं सॉफ्टवेअर सांभाळणारे लोक अशा ओळी सर्व्हरवर गोळा करतात, म्हणजे ‘बिल निघत नाहीये’ असा फोन आला की दुकानात न जाताही कारण शोधता येतं. दुकानातून सर्व्हरपर्यंत ओळ नेणारा छोटा प्रोग्राम म्हणजे कनेक्टर. अशा कनेक्टरांचं डॉक्युमेंटेशन लिहिणं आणि असलेलं सुधारणं हा माझा व्यवसाय आहे.

प्रिंटर बंद पडला तर लगेच कळतं. कनेक्टर बंद पडला तर बिलं निघत राहतात, गिऱ्हाइकं येत राहतात, फक्त नोंदी पोचत नाहीत. ते लक्षात येतं नेमकी जुनी नोंद हवी असते त्या दिवशी. म्हणून कनेक्टरच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ‘कसा बसवायचा’ यापेक्षा ‘नोंदी आल्या नाहीत तर कुठे बघायचं’ हे अधिक मोलाचं, असं माझं ठाम मत आहे. बहुतेक ठिकाणी नेमकं तेच शेवटच्या पानावर, दोन ओळींत उरकलेलं असतं.

फ्ल्युएंट बिटचं उदाहरण घ्या. 2011 साली सादायुकी फुरुहाशी यांनी फ्ल्युएंटडी हे नोंदी गोळा करणारं सॉफ्टवेअर सुरू केलं, त्याच्या पाठोपाठ छोट्या यंत्रांवरही चालेल असा हा हलका कनेक्टर आला. तो मुक्त आहे आणि जगभर वापरला जातो. त्यात ‘रिट्राय लिमिट’ नावाची सेटिंग आहे आणि तिचा डीफॉल्ट आकडा 1 आहे. तक्त्यात एवढंच लिहिलं तर वाचणारा पुढे सरकतो. आता गणपतीतली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. दगडूशेठच्या मांडवापासून तांबडी जोगेश्वरीपर्यंत पाय ठेवायला जागा नाही, मोबाइलचं नेटवर्क कोलमडलेलं आणि दुकानाचं इंटरनेट त्याच नेटवर्कवर. कनेक्टर नोंदींचा गठ्ठा पाठवतो, जात नाही. काही सेकंदांनी पुन्हा एकदा पाठवतो, तरी जात नाही. मग तो गठ्ठा टाकून देतो. तसं केल्याचं तो स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो खरा, पण तो लॉग उघडून कोण बघणार?

म्हणून त्या आकड्याशेजारी मी परिणाम लिहिते: ‘काहीच बदललं नाही, तर इंटरनेट थोडा वेळ गेलं तरी नोंदी कायमच्या हरवतात.’ लगेच पुढे उपाय: प्रयत्नांवरची मर्यादा काढा आणि नोंदी मेमरीऐवजी डिस्कवर साठवा, म्हणजे वीज गेली तरी त्या राहतील. मग उपायाची किंमतही सांगायची. डिस्क भरत जाईल, म्हणून साठ्याला कमाल मर्यादा घाला. ती ओलांडली की सर्वांत जुन्या नोंदी आधी जातील. तोटा लपवून सुचवलेल्या सेटिंगवर माणूस एकदाच विश्वास ठेवतो.

दुसरी अडचण घड्याळाची. सिस्लॉग ही नोंदी पाठवण्याची रूढ पद्धत. तिच्या जुन्या रूपात, म्हणजे 2001 च्या आरएफसी 3164 या तांत्रिक दस्तऐवजात वर्णिलेल्या रूपात, वेळेबरोबर ना वर्ष असतं ना टाइमझोन. 2009 च्या आरएफसी 5424 ने ही उणीव भरून काढली, पण जुनी उपकरणं अजून सर्रास चालू आहेत. संध्याकाळी 6:40 ची नोंद सर्व्हरने यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, समजली, तर आपल्याकडे ती रात्री 12:10 ची दिसते. ‘गेल्या पंधरा मिनिटांतल्या नोंदी’ मागितल्या की पडदा रिकामा. नोंद पोचलेली असते, पण साडेपाच तास पुढे जाऊन बसलेली. परदेशात लिहिलेल्या पानांवर हा साडेपाच तासांचा फरक क्वचितच दिसतो. आपल्याकडच्या वाचकासाठी तो ठळक अक्षरांत हवा.

देवनागरीचंही तसंच. यूटीएफ-8 मध्ये आपलं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, काना-वेलांटीसकट. जुन्या सिस्लॉगची मर्यादा 1024 बाइटची. मराठीत नावं आणि पत्ते असलेली लांब ओळ मध्येच तुटली तर शेवटचं अक्षर वाचता येत नाही.

हे सगळं आता केवळ सोयीपुरतं राहिलेलं नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग 180 दिवस सुरक्षित ठेवायचे आहेत आणि सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवायची आहे. सहा तासांत कळवायचं तर नोंद हाताशी हवी आणि तिच्यावरची वेळ खरी हवी.

तपकीर गल्लीत एलईडीची माळ घेतली की दुकानदार ती आधी काउंटरवर लावून, पेटवून दाखवतो. डॉक्युमेंटेशनमधलं पहिलं उदाहरणही तसंच हवं. फ्ल्युएंट बिटमध्ये ‘डमी’ नावाचा इनपुट आहे, तो खोट्या नोंदी तयार करतो. त्या आधी आपल्याच पडद्यावर उमटवायच्या. उमटल्या की सर्व्हरचा पत्ता घालायचा. मग बिघाड झाला तर तो अलीकडे की पलीकडे, हे लगेच कळतं. तरीही अनेक ठिकाणी पहिल्याच उदाहरणात सर्व्हर, पासवर्ड आणि सर्टिफिकेट एकदम येतात. नवशिका तिथेच अडकतो आणि दोष स्वतःला देतो, हे बघून मला फार वाईट वाटतं.

लिहिलेलं पान मी कनेक्टर कधीच न बसवलेल्या माणसाला देते आणि शेजारी गप्प बसते. त्याचा हात जिथे थांबतो तिथलं वाक्य मी पुन्हा लिहिते.

फ्ल्युएंट बिटचं डॉक्युमेंटेशन गिटहबवर सर्वांसाठी खुलं आहे. कोणीही त्यात दुरुस्ती सुचवू शकतं. अप्पा बळवंत चौकात संगणकाची पुस्तकं चाळणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: कोड लिहिता येईपर्यंत थांबू नका. साडेपाच तासांचं एक उदाहरण नीट लिहून पाठवा. ते वाचून कुणाचा तरी रिकामा पडदा भरेल.