सडपातळ देहांचे गणित

मधुमेहाच्या जनुकीय अभ्यासात संगणकाचे काम शेवटी बेरजेचेच असते. पण बेरजेतले आकडे कोणाच्या रक्तातून आले, हा प्रश्न पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो. पुण्याच्या कसबा पेठेतून नागझरी ओढा ओलांडून पूर्वेकडे गेले की रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालय लागते. ऑक्सफर्डला संशोधन करून परतलेल्या याज्ञिकांना येथे जे मधुमेही भेटत गेले, ते पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतील रुग्णांपेक्षा वयाने लहान आणि अंगाने सडपातळ होते. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींची जी पाहणी झाली, तिच्यात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरेच कमी भरले, तरी त्यांच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र आले. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा देहभार निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. हे छायाचित्र पुष्कळ प्रबंधांपेक्षा अधिक गाजले आणि ते रास्तच होते.

सडपातळ देहांतल्या या मधुमेहाचा माग जनुकांतही घेतला गेला. डीएनएच्या सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या मजकुरात काही जागी माणसामाणसांत एखादे अक्षर वेगळे असते. अशा फरकांना जनुकीय रूपभेद म्हणतात, आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असले तरी काहींमुळे रोगाचा धोका थोडा वाढतो. टीसीएफ७एल२ या जनुकातील असा रूपभेद २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी मधुमेहाशी जोडला आणि पुढच्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील डॉ. गिरिराज चांडक व याज्ञिक यांच्या गटांनी पुण्याच्या रुग्णांतही तो संबंध दाखवून दिला. एफटीओ या जनुकाचे प्रकरण अधिक बोलके आहे. युरोपीयांत त्याचा रूपभेद लठ्ठपणा वाढवून त्या वाटेने मधुमेहाकडे नेतो असे दिसले होते, तर २००९ च्या पुण्याच्या अभ्यासात देहभार निर्देशांक हिशेबात धरूनही मधुमेहाशी असलेला त्याचा संबंध पुरता उलगडला नाही.

अनेक रूपभेदांच्या प्रती मोजून, प्रत्येकाला त्याच्या परिणामाप्रमाणे वजन देऊन जी बेरीज येते तिला जनुकीय जोखीम गुणांक म्हणतात. तरुण, बारीक रुग्णाचा मधुमेह पहिल्या प्रकारचा, म्हणजे इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराने स्वतःच नष्ट केल्याने झालेला, की दुसऱ्या प्रकारचा, हे ठरवणे पुण्यात नेहमीच अवघड जाते. तेथे हा गुणांक उपयोगी पडतो. युरोपीयांवरून बसवलेला असा गुणांक २०२० साली पुण्याच्या रुग्णांवर तपासला गेला, तेव्हा त्याने दोन्ही प्रकार वेगळे करून दाखवले, मात्र युरोपीयांपेक्षा किंचित कमी अचूकपणे. जगभरातील जनुकीय पाहण्यांत आजवर रक्त दिलेल्यांपैकी बहुतेक माणसे युरोपीय वंशाचीच आहेत.