एको आणि बँजो

एप्रिल संपत आलाय. जळगावात पारा ४४ अंशांवर गेला की मला आधी कपाटातल्या गिटारची काळजी लागते. इटलीतल्या रेकानाटीची एको, साठच्या दशकातली. अंगावर लाकडी पॉलिश नाही, मोत्यासारखं चकाकणारं प्लास्टिक आहे. समोर बटणांची रांग. हे प्लास्टिक मुळात अकॉर्डियनचं. रेकानाटीच्या आसपासचा सगळा पट्टाच अकॉर्डियनवाल्यांचा. मागणी ओसरली तेव्हा तेच साहित्य, तेच हात गिटारीकडे वळले. स्वीडनच्या हॅगस्ट्रॉमनेही १९५८ मध्ये हीच वाट धरली. पोट भरण्यासाठी घडलेली ही वाद्यं मला म्हणूनच फार आवडतात.

आपल्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसतो, फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात. मी तारा थोड्या सैल करतो, केसमध्ये ओल्या स्पंजची डबी ठेवतो.

परवा धुळ्यात एका वरातीत बँजो ऐकला आणि पाय तिथेच थबकले. टाइपरायटरसारख्या पट्ट्यांचं हे वाद्य मूळचं जपानी, ताइशोगोतो. १९१२ साली नागोयात जन्मलेलं. आपल्या मिस्त्र्यांनी त्याला पिकअप लावला आणि थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं. माझ्या लेखी ते एकोपेक्षा तसूभरही कमी नाही. पण युरोपच्या गिटारींना संग्राहक मिळतात, बँजो मात्र भंगारात जातो. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या माळ्यावर असा एखादा जुना बँजो असेल तर तो रंगवू नका, मूळ पिकअप काढून टाकू नका. तारा सैल करा आणि उन्हापासून दूर ठेवा.