मोहसडवा

हा गडी चुलीवर न चढताच उकळतो. चंद्रपूर जिल्ह्यातला सावली तालुका धानाचा. घराघरांत आधण खदखदतं, पेज उतू जाते, पण त्या उतू जाण्यामागे खाली लाकूड जळत असतं. मोहसडव्याला जाळ लागत नाही. नाल्याच्या काठी झुडपाआड पुरलेल्या मडक्यात, नाहीतर प्लास्टिकच्या ड्रमात, तो अंधारात बसून आपला आपणच फसफसत असतो.

घराणं तसं चांगलं. मार्च-एप्रिलात पहाटे मोहाची फुलं टपटप गळतात. त्याच झाडाखाली अस्वलही येतं, वाघाची धास्ती वेगळीच. तरी बायामाणसं टोपल्या घेऊन उजाडायच्या सुमारास निघतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखर. ती फुलं साठवतात, भाजून खातात, गुरांनाही चारतात. पण पाण्यात भिजवून, गूळ टाकून तोंड झाकलं, की फुलाला वेगळीच संगत लागते आणि त्याचा सडवा होतो. यीस्ट साखरेवर तुटून पडतं. साखरेची दारू होते आणि कार्बन डायऑक्साइड वर निघतो. आधी दोन-चार चुकार बुडबुडे. मग तळाची फुलं वर येतात, मळकट फेसाचा थर धरतो, फुटतो, परत धरतो. कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते. उन्हाळ्यात याची घाई बघावी. थंडीत मात्र महाशय आळसावतात.

स्वभावदोष एकच, पोटात काही राहत नाही. तोंड घट्ट आवळलं तर ड्रम फुगवतो, ढिलं बांधलं तर वास सोडतो. आंबूस, गोडसर, जरासा कुजट असा तो वास वारा फिरला की वाटेपर्यंत पोचतो. लपवायला अख्खं जंगल मिळालं आणि ज्याला लपवायचं तोच चहाडखोर निघाला! गावातल्या बायकांना तो पोलिसांच्या आधी सापडतो, यात नवल नाही.

त्याला पाळणारे मात्र त्याच्या बडबडीपेक्षा गप्प होण्याकडे लक्ष ठेवतात. फेस बसला, फुलं तळाला गेली, म्हणजे साखर संपत आली. आता भट्टी पेटवायची. आयुष्यात पहिल्यांदा त्याला खरा विस्तव दिसतो आणि तोच शेवटचा. दारू 78 अंशांना उकळते, पाणी 100 ला. या फरकावर सगळा धंदा उभा. आधी वाफ होऊन सुटते ती कडक, पहिल्या धारेची. मागाहून येते ती पाणचट. पहिल्या धारेचं नाव सगळीकडे झालं, सडव्याचं कोणी काढत नाही.

कायद्याशी त्याचं जुनं वैर. सावलीहून व्याहाडमार्गे वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. तिकडे 1993 पासून दारूबंदी आहे. अलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्यातही ती यावी म्हणून 2010 च्या डिसेंबरात बायका चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. 1 एप्रिल 2015 ला बंदी आली, 2021 मध्ये उठली. दुकानांचे शटर पडले आणि वर गेले. सडव्याला त्याचं काही नाही. बंदी होती तेव्हा तो बेकायदा, उठली तेव्हाही बेकायदा. परवाना मिळतो तो बाटलीला. जंगलातल्या फुलाला गुन्हेगार ठरवणारा हा हिशेब मला पटत नाही, आणि फुकट फसफसणाऱ्या या प्राण्याचं कौतुकही वाटतं. पण नवऱ्याची मजुरी ज्या घरात भट्टीवर जाते, तिथल्या बाईसमोर हे कौतुक बोलून दाखवायची माझी छाती नाही.

धाड पडते तेव्हा ड्रम आडवे होतात, फेस मातीवर पसरतो, लिटरांचा अंदाज पंचनाम्यात चढतो. दुसऱ्या दिवशी पेपरात 'मोहसडवा जागीच नष्ट'. भट्टीवाला बहुतेक वेळा अंधाराचा फायदा घेऊन पसार झालेला असतो. तपासणीसाठी काढलेला नमुना तेवढा बाटलीत भरून सीलबंद होतो. तो पुरता गप्प झालेला असला तर बरं. नाहीतर प्रयोगशाळा येण्याआधीच बूच उडवायचा.