मान

आपल्या मराठीची मोठी गंमत आहे. 'तो मान' म्हणजे प्रतिष्ठा आणि 'ती मान' म्हणजे डोके तोलणारा अवयव. पण दोघांचे नशीब एकत्र बांधलेले. तो गेला की ती आपोआप खाली जाते!

तोलायचे ओझेही थोडेथोडके नव्हे. मोठ्या माणसाचे डोके 4-5 किलोंचे. ते पेलायला मणके अवघे 7. आणि उंच जिराफालाही तेवढेच! कानामागून छातीच्या हाडापर्यंत उतरणारा उजवा स्नायू आवळला की तोंड डावीकडे वळते. त्याच्याच आडोशाने मेंदूकडे रक्त नेणारी रोहिणी आणि ते परत आणणारी नीला शेजारी-शेजारी नांदतात.

मला खरे नवल वाटते ते आवाजाच्या मज्जातंतूचे. मेंदूकडून निघालेला डावा तंतू स्वरयंत्राच्या शेजारून थेट छातीत उतरतो, हृदयातून निघालेल्या महारोहिणीच्या कमानीला वळसा घालतो आणि मग पुन्हा वर चढून स्वरयंत्राशी पोचतो. आमच्या अक्काच्या गलगंडाच्या शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी हे समजावून सांगितले होते. हा तंतू त्या ग्रंथीला खेटूनच जातो. त्याला इजा झाली तर आवाज जायचा. अक्का शुद्धीवर आली, तेव्हा आम्ही सारे तिच्या ओठांकडे टक लावून बसलो होतो. घोगऱ्या स्वरात ती म्हणाली, "चहा घेतलात का रे?" त्या चार शब्दांनी माझाच गळा दाटून आला.

वर्गात बोलून पोट भरणारा मी मास्तर. शब्दाने ओठांवर येण्याआधी काळजापाशी जाऊन यावे, अशी सोय निसर्गाने निदान डाव्या बाजूला तरी करून ठेवली आहे. तो वळसा चुकवून बोलायची खोड मात्र माणसाची!