वस्त्रगाळ माती

असईच्या शिवारातली माती मी पहिल्यांदा आणली ती गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यातून. देऊळघाटहून सकाळी दुचाकीवर निघालं की भोकरदन तालुक्यातलं असई पाहून दिवेलागणीला घरी येता येतं. ज्या मातीवर 1803ची लढाई झाली तीच माती त्या लढाईच्या देखाव्याच्या फळीवर पसरायची म्हणजे आपलं निम्मं काम झालं, असं मला वाटलं होतं. माती वाळवली, पसरली, तिच्यावर रंगवलेले बारा शिपाई उभे केले. अंगठ्याच्या पेराएवढे, 28 मिलिमीटरचे शिपाई. बघतो तर काय, सगळे धोंड्यांच्या राशीत उभे! मातीतला दोन मिलिमीटरचा खडा त्यांच्या मापानं नारळाएवढा झाला होता. आणि तो काळा रंग! शेतात जी जमीन पाहून डोळे निवतात, ती फळीवर नुसतं भोक पडल्यासारखी दिसत होती.

माणूस लहान करता येतो, माती आपोआप लहान होत नाही. ती करावी लागते. मग मी ती खलबत्त्यात कुटली आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळली, वैद्य चूर्ण वस्त्रगाळ करतात तशी. तरी काळेपणा राहिलाच. तीस वर्षं चित्रकला शिकवल्यामुळे घरात खडूची भुकटी आणि गेरू यांना तोटा नव्हता. खडू चमचाभर, गेरू चिमूटभर मिसळला. काळ्या मातीचं राखाडी-तपकिरी काहीतरी झालं आणि फळीवर पडल्यावर ते असईचं शिवार दिसू लागलं. ह्याचं कारण मला पुढे उमगलं. दोन फुटांवरून पाहिलेला हा शिपाई म्हणजे प्रत्यक्ष रानात एकशेवीस फुटांवरून पाहिलेला माणूस. एवढ्या अंतरावरून सगळे रंग थोडे थोडे पुसट वाटतात. म्हणून माझ्या कामात निखळ काळा नाही आणि निखळ पांढराही नाही.

उजेडाचंही तसंच. आपल्या अंगावर सदऱ्याच्या चुणीत सावली पडते, कारण चूण खोल असते. पेराएवढ्या शिपायाची चूण केसाएवढी. खोलीतला उजेड तिच्यात डोळ्याला दिसेल अशी सावली पाडत नाही. ती रंगवावी लागते. आधी प्रायमर, मग मूळ रंगाचे दोन पातळ हात, मग खाचांत उतरणारा पाण्यासारखा गडद वॉश, आणि तो वाळल्यावर खांद्यावर, गुडघ्यावर, पगडीच्या पेचांवर उजळ रंगाच्या रेघा. शिपाई बाटलीच्या बुचावर चिकटवून घेतला की बोटं रंगाला लागत नाहीत. ब्रश किती बारीक आहे याला लोक फार महत्त्व देतात. मला विचाराल तर शून्य नंबरचा ब्रश पुरतो, फक्त त्याचं टोक शाबूत हवं. अगदी चार केसांच्या ब्रशावर रंग टिकतच नाही, शिपायापर्यंत पोचायच्या आत वाळतो.

हा नाद लागला तो दिवाळीच्या किल्ल्यामुळे. आमच्या बाजूला किल्ल्यांची चाल पुण्या-साताऱ्याइतकी नाही, पण लहानपणी एका दिवाळीत पुण्याला मामाकडे गेलो होतो. मामानं कसब्यातल्या कुंभारवाड्यातून मातीचे मावळे घेऊन दिले. लाल पगडी, पांढरा अंगरखा, काळ्या मिशा. सगळे अगदी सारखे. घरी आल्यावर मी एकाची मिशी पांढरी केली. तो माझा पहिला रंगवलेला माणूस. तो म्हातारा झाल्याबरोबर बाकीच्यांपेक्षा वेगळा कुणीतरी झाला, हे मला त्या वयातही जाणवलं होतं.

आता असईविषयी. 23 सप्टेंबर 1803. शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या जिभेसारख्या जमिनीवर होत्या. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सेनानी पोलमन हा हॅनोव्हरचा. समोर ईस्ट इंडिया कंपनीची फौज घेऊन आर्थर वेलस्ली, पुढे वेलिंग्टन झाला तो. वाटाडे सांगत होते, केळणेला जवळ उतार नाही. वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोर गावं आहेत म्हणजे माणसांची ये-जा असणार, आणि ये-जा आहे म्हणजे उतार असणारच, असा त्यानं कयास बांधला, आणि तो खरा ठरला. नदीकाठच्या गावात वाढलेल्या कुणालाही हे सहज कळेल. आमच्याकडे पैनगंगा अजून लहान आहे, उगमाजवळची. तिच्या काठाकाठानं फिरताना मी आजही तेच करतो, पलीकडचं गाव बघून पाण्यात पाय टाकतो.

या लढाईची परदेशी चित्रं, परदेशी देखावे मी पाहिले. बहुतेकांत जमीन पिवळी, वाळवंटासारखी, मधूनच एखादं ताडाचं झाड. सप्टेंबर संपताना आमची जमीन पिवळी असते? नवरात्राच्या आसपासचे दिवस ते. पावसानं नुकती पाठ फिरवलेली, बांधावर गुडघाभर गवत, नाल्यांना पाणी, मळ्यात चिखल. मी माझी फळी हिरवी केली. गवताला काथ्या बारीक कातरून, झुडपांना हराळीच्या वाळलेल्या मुळ्या, पानांना रंगवलेला लाकडाचा भुसा. नदीसाठी पारदर्शक रेझिन ओततात. मी ते ऐन श्रावणात ओतलं आणि हवेतल्या ओलीनं सगळी केळणा दुधासारखी झाली. ते खरवडून काढायला आठ दिवस गेले. आता नदीचं काम मी दिवाळीनंतरच काढतो आणि पातळ थर दोनदा देतो.

बैलांनी मला सर्वात जास्त दमवलं. कंपनीच्या तोफा बैलांनी ओढल्या होत्या. म्हैसूरच्या अमृतमहाल जातीचे बैल वेलस्लीच्या फौजेत होते. शिंद्यांच्या तोफखान्यानं हे बैल आणि गोलंदाज टिपून तोफा जागीच थांबवल्या, आणि वेलस्लीला तोफा मागे सोडून संगिनीवर पुढे जावं लागलं. म्हणजे बैलांशिवाय हा देखावा पुराच होत नाही. बाजारात साच्यातले बैल मिळाले ते युरोपातले, सपाट पाठीचे. ज्या घरात पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, त्या घरातल्या माणसानं असा बैल फळीवर कसा ठेवावा? एम-सील मळून मी एकेकाला वशिंड लावलं, गळ्याखाली पोळी ओढली, शिंगं तारेची केली. सोळा बैल झाले. त्यांतले पाच पडलेले आहेत. बैल पडतो तेव्हा पाय कसे दुमडतो, हे मला कुठल्या पुस्तकात बघावं लागलं नाही.

कातडीचा रंग म्हणून जी तयार बाटली येते तिच्यातला रंग गुलाबी असतो. तो दोन हायलँडर पलटणींना चालतो, 74व्या आणि 78व्या. पण कंपनीचं बाकीचं बहुतेक पायदळ मद्रासचं होतं आणि समोरच्या कवायती पलटणींत उत्तर हिंदुस्थानातून आलेले शिपाई. गव्हाळ, सावळे, काळे, उन्हानं तांबूस झालेले. मी आठवडी बाजारात जाऊन चेहरे बघत बसतो. गालाच्या हाडावर नारिंगी, हनुवटीखाली निळसर, कपाळावर थोडा पिवळा. डोळ्यांत पांढरं भरत नाही. भरलं की माणूस भेदरलेला दिसतो. भुवईखाली एक गडद रेघ ओढली की तो बघू लागतो.

माझ्या फळीवर एकशे अठ्ठ्याऐंशी माणसं आहेत. शिंद्यांचं कवायती पायदळच दहा हजारांच्या घरात होतं, घोडदळ त्याहून कितीतरी मोठं. ते सगळं कोण दाखवणार? विल्यम सिबोर्न नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं वाटर्लूचा देखावा केला, 1838 साली लोकांपुढे मांडला. त्यासाठी तो रणभूमीवर आठ महिने राहिला होता. सत्तर हजारांहून अधिक इवलेसे शिपाई. प्रशियाची फौज त्यानं लढाईच्या ऐन वेळी जिथे पोचली होती तिथे दाखवली, ते वेलिंग्टनला रुचलं नाही, आणि शेवटी सिबोर्ननं हजारो प्रशियन शिपाई उचलून काढले. मी ही हकिगत वाचली तेव्हा माझ्या पोटात कालवलं. रंगवलेला माणूस उचलून काढणं काय असतं, ते रंगवणाऱ्यालाच कळतं. असईचा विजेताही तोच, आणि आयुष्यातली आपली सर्वात चांगली लढाई म्हणून त्यानं वाटर्लूचं नव्हे तर असईचं नाव घेतलं. त्याचा घोडा डायोमेड भाल्यानं जखमी झाला होता. तो घोडा मी केला आहे. स्वाराला मात्र मी टेकाडाआड, पाठमोरा ठेवलाय.

माझ्या फळीच्या मध्यावर शिंद्यांच्या तोफा आहेत. त्या दिवशी त्यांच्या शंभराच्या आसपास तोफा शत्रूच्या हाती पडल्या. गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, संगिनींखाली तिथेच पडले. शत्रूची रांग त्यांच्यावरून पुढे गेली, तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले काही गोलंदाज उठले, तोफा फिरवल्या आणि मागून मारा सुरू केला. वेलस्लीला परत फिरून ती जागा पुन्हा जिंकावी लागली. ही माणसं मला काही केल्या सोडत नव्हती. त्यांतल्या एकाचंही नाव मला कुठे मिळालं नाही.

पडलेला जिवंत माणूस आणि पडलेला मेलेला माणूस वेगळे रंगवता येत नाहीत, तसे आले असते तर ते गोलंदाज जगलेच नसते. माझी नात फळीशी उभी राहून एकेकावर बोट ठेवत होती. "आबा, हा मेला का झोपला?" मी तिला म्हटलं, "थांब, मलाच अजून ठरवायचंय." पुष्कळ दिवस ठरलं नाही. तीन गोलंदाज पडलेले ठेवले आणि चौथा उठताना केला. एक गुडघा जमिनीवर, एक हात तोफेच्या चाकावर. रंग झाला, वॉश झाला, उजळ रेघा झाल्या, तरी तो मघाशी पडलेला होता असं काही वाटेना. नुसताच तोफ ढकलणारा शिपाई.

मग लक्षात आलं. चिखल असणार त्या दिवशी. पालथा पडून राहिलेला माणूस उठला तर चिखल कुठे असेल? पाठीवर नाही. छातीवर, पोटावर, दोन्ही मांड्यांवर आणि एका गालावर. वस्त्रगाळ मातीची डबी उघडली. या वेळी खडू मिसळला नाही, गेरू नाही. असईची माती होती तशी, काळी, पाण्यात फेविकॉलचा थेंब टाकून कालवली. छातीला लावली. मांड्यांना लावली. आता त्याचा डावा गाल राहिलाय, हात थरथरत नाही तोवर तेवढा करून घेतो.