कपाटातली बारा वर्षांची बाटली



इथे बरेच जण नोकरीच्या, गावाच्या आठवणी लिहितात, मी नुसता वाचत असतो. आज लिहावंसं वाटलं, त्याला कारण जावयाचा फोन. पुढच्या वर्षी मला पंचाहत्तर पूर्ण होतात. जावई एडिंबराला असतो. म्हणाला, "बाबा, पंचाहत्तरीला पंचवीस वर्षांची सिंगल माल्ट आणतो. महाग आहे, पण एकदाच तर आणायची."

विषय दारूचा आहे म्हणून कोणी नाक मुरडू नये. भलामण करायची नाही. वर्षातून दोन-तीनदा, तेही मोजून घेणारा माणूस आहे मी. पण छत्तीस-सदतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे कोणी "जुनी म्हणून महाग" म्हणालं की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. आणि या हिशोबात माझी एक जुनी चूक आहे, ती सांगायची आहे.

आम्ही आदिलाबादचे. निजामाच्या काळापासूनचे. १९५६ साली किनवट आणि राजुरा मुंबई राज्यात गेले, आम्ही पैनगंगेच्या अलीकडे राहिलो. घरात मराठी, बाजारात तेलुगू, ऑफिसात उर्दूमिश्रित हिंदी. बँकेत माझे सोबती होते अण्णा, आमचे फील्ड ऑफिसर. मूळ किनवटकडचे, थोडी गोंडीही बोलायचे. मला वयाने बरोबरीचे, पण शेवटपर्यंत "साहेब"च म्हणाले.

१९८४च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं इंद्रवेल्लीकडच्या एका गावात बैलजोडीच्या कर्जाची पाहणी करायला गेलो होतो. काम झाल्यावर एका गोंड म्हाताऱ्याने मोहाची दारू काढली, पळसाच्या पानाच्या द्रोणात. आधी दोन-चार थेंब जमिनीवर सोडले, गेलेल्या माणसांसाठी. मग द्रोण माझ्यापुढे धरला. मी ड्यूटीवर आहे म्हणून हात जोडले. अण्णांनी मात्र एक घोट घेतला. मी विचारलं, "पुढच्या वेळेला घेईन म्हणावं, ठेवतील का?" अण्णांनी विचारून सांगितलं, "साहेब, तो म्हणतो, हे ठेवायचं नसतं. पाहुणा आला की काढायचं, पाहुणा गेला की संपलं." तेव्हा आम्ही हसलो होतो.

मग १९९५ साली आंध्रात संपूर्ण दारूबंदी आली. अर्धवार्षिक क्लोजिंग संपलं, की शहाणी मंडळी पैनगंगेचा पूल ओलांडून पांढरकवड्याला जेवायला जायची. ('जेवायला' हा शब्द समजून घ्या.) १९९७ला बंदी उठली. पुढे २०१५ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली, ती २०२१पर्यंत होती. तेव्हा तिकडची माणसं इकडे 'जेवायला' येताना पाहिली. असो.

१९९८ला माझे मेहुणे लंडनहून आले, त्यांनी एक बारा वर्षांची सिंगल माल्ट आणली. आमच्याकडे अशी वस्तू पहिल्यांदाच आलेली. अण्णांना दाखवली. त्यांनी बाटली उजेडात धरली, डब्यावरचं सगळं वाचून काढलं आणि म्हणाले, "आज नको साहेब. चांगल्या दिवशी फोडू." मीही खूश. माझा बँकेचा मेंदू असा, की ही मुदत ठेव आहे. पडून राहील तेवढी वाढेल. कपाटात, धोतरजोडीच्या मागे बाटली ठेवली.

नंतर तो आमचा खेळच झाला. अण्णांच्या मुलाला नोकरी लागली, तेव्हा "बारा अधिक सहा, अठराची झाली, अजून थांबू." २०११ला मी रिटायर झालो, तेव्हा "बारा अधिक तेरा, पंचवीस! हाव ना साहेब, आता हिची किंमत इचारू नका." त्या दिवशीही फोडली नाही, कारण इतकी वर्षं ठेवली तर अजून थोडी. नातू झाला तरी नाही. २०१९च्या पावसाळ्यात अण्णा आजारी पडले, आणि दिवाळीच्या आधीच गेले.

२०२३ला मुलीकडे गेलो तेव्हा जावयाने स्पे नदीच्या खोऱ्यातली एक डिस्टिलरी दाखवायला नेलं. तिथली माहिती देणारी मुलगी सांगत होती: सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त मोड आणलेल्या जवापासून केलेली. कायद्याने निदान तीन वर्षं ओकच्या लाकडी पिंपात राहिलीच पाहिजे. बाटलीवर वय लिहिलं असेल तर ते आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं. आणि गडद रंग म्हणजे जास्त वय असं नाही, कारण रंगासाठी कॅरॅमल घालायला परवानगी आहे. मी हात वर केला आणि मोठ्या ऐटीत विचारलं, "माझ्या घरी १९९८ची बारा वर्षांची आहे. ती आता सदतीसची झाली ना?"

ती हसली. म्हणाली, "नाही सर, ती अजून बाराचीच आहे. चव येते ती लाकडातून. काचेत गेली की वय थांबलं."

जावई फोटो काढत होता. मला मात्र पंचवीस वर्षं चालवलेल्या खात्यात एक पैसा व्याज जमा नव्हतं, हे तेव्हा कळलं.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून कागद घेऊन बसलो. पिंप २०० लिटरचं. तिकडच्या थंडीत दरवर्षी साधारण २ टक्के उडून जातं, त्याला ते 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. म्हणजे बारा वर्षांनी उरतात सुमारे १५७ लिटर, पंचवीस वर्षांनी १२१. आता अडकलेल्या भांडवलाचं व्याज. ८ टक्के चक्रवाढ धरा, १०० रुपयांचे बारा वर्षांत २५२ होतात, पंचवीस वर्षांत ६८५. दोन्ही एकत्र केलं तर पंचवीस वर्षांच्या लिटरची लागत बारा वर्षांच्या साडेतीन पट येते. गोदामभाडं वगैरे धरून चार पट म्हणा. दुकानात पाहिलं, तर बाराची चाळीस पाउंडांच्या आसपास, पंचवीसची चारशेच्या वर! म्हणजे दहा पट. चार पट वयाचे, बाकीचे दुर्मीळपणाचे, नावाचे, आणि त्या मखमली डब्याचे. घेणारे आहेत म्हणून मिळतात. मी काही त्याला फसवणूक म्हणणार नाही, पण तो चवीचा पैसा नव्हे.

चवीचंही पाहिलं. जावयाने लेबल झाकून तीन ग्लास ठेवले. बारा, अठरा, पंचवीस. बारा आणि अठरातला फरक मला अडाण्यालाही कळला. अठराची मऊ, गळ्याला न टोचणारी. पंचवीसमध्ये मला लाकूडच जास्त लागलं, जुन्या देवघराच्या कपाटाचा वास असतो तसं. जावयाला तीच आवडली. पण जास्त वर्षं म्हणजे जास्त चांगली हा नियम नाही, एवढं दोघांनीही मान्य केलं. पिंप कुठलं, आधी त्यात अमेरिकेतली बर्बन होती की स्पेनची शेरी, याला वर्षांइतकंच महत्त्व.

आणि वर्षंही सगळीकडे सारखी नसतात. बंगळूरच्या अमृतने २००४ साली आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला सुरुवात केली. बंगळूरच्या उष्णतेत देवदूत वर्षाला १० ते १२ टक्के पितात. तिथे बारा वर्षं ठेवली तर २०० लिटरचे पन्नासच्या आसपास उरतील. पण उष्णतेने लाकडातली देवाणघेवाणही लवकर होते, म्हणून इकडे चार-पाच वर्षांतच माल तयार होतो. त्यांच्या एका आठ वर्षांच्या व्हिस्कीचं नावच 'ग्रीडी एंजल्स' आहे, हावरे देवदूत. आमच्या आदिलाबादच्या मे महिन्यात पिंप ठेवलं, तर देवदूत आपसात भांडतील.

परत आल्यावर त्या डिसेंबरात अण्णांच्या मुलाला हैदराबादहून बोलावलं. वहिनीही आल्या. हिने त्यांना चहा केला. बाटली काढली, तर व्हिस्की खांद्याच्या खाली उतरलेली. पंचवीस उन्हाळे खाल्लेलं बूच फिरवताच तुटलं, अर्धं आत पडलं. चहाच्या गाळणीतून गाळून घेतली. चव जरा उतरली होती, पण वाईट नव्हती. बारा वर्षांची असावी तशीच.

वहिनी कपाकडे बघत म्हणाल्या, "दवाखान्यात दोनदा म्हणले होते हे. साहेब बोलावतील, ती बाटली आहे म्हणून. मी म्हटलं, तुम्हीच जा ना. तर म्हणे, काहून जाऊ, बोलावू दे त्यांना."

मला वाटायचं, ते बरे होऊन येतील. चांगला दिवस बघू. मी चांगल्या दिवसाची वाट बघत होतो आणि ते माझ्या बोलावण्याची.

अण्णांच्या मुलाने ग्लास उचलला. मी त्याला थांबवलं, मागच्या दारी गेलो आणि आंब्याच्या आळ्यात दोन-चार थेंब सोडले. त्याला कारण कळलं नाही. मग त्याला इंद्रवेल्लीची गोष्ट सांगितली. त्यानेही ती बापाकडून ऐकली नव्हती.

तर मंडळी, जावयाला काय सांगितलं, ते सांगतो. पंचवीसची नको. भारतात आयात स्कॉचवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. २०२५च्या जुलैत ब्रिटनशी करार झाला, त्यात ते आधी ७५ आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. म्हणजे पैसे द्यायचेच, तर वयाच्या मानाने द्यावेत. स्वतःसाठी बारा पुरे, कोणाला मान द्यायचा तर अठरा. त्याच्या वर ज्याला परवडेल त्याने जरूर घ्यावी, पण हौस म्हणून.

"तू बाराचीच आण," म्हटलं, "आणि तिकीट एक दिवस आधीचं काढ. अण्णांचा मुलगा येतोय, त्याच संध्याकाळी फोडायची आहे."