कान लावायचे राहिलेत

विणून झालेला हत्ती हत्तीसारखा दिसत नाही. सुयांवरून उतरतात ते राखाडी लोकरीचे पाच-सहा तुकडे: पाठ, पोट, दोन कान, सोंडेची एक पट्टी. सुलट-उलट विणीच्या स्वभावाप्रमाणे बाजूच्या कडा मागे वळलेल्या, वरच्या-खालच्या पुढे. घरातलं कुणीतरी जाता जाता विचारतं, "मोजे का?" आणि विणणारीला वाटतं, झालं, आता नुसतं जोडायचं तर राहिलंय.

पण हत्ती होणार आहे तो इथून पुढे. आपल्याकडे विणकामाचं कौतुक सुयांवरच संपतं. शिवण, भरण, डोळे, कान ही शेवटची किरकोळ कामं समजली जातात. स्वेटरच्या बाबतीत ते निभावून जातं, कारण घातल्यावर माणसाचं अंगच त्याला आकार देतं. खेळण्याच्या आत अंग नसतं. ते आपणच भरायचं असतं.

आराखडा करायला बसले की मला भोंडल्याचा हत्ती आठवतो. पाटावर काढलेल्या त्या हत्तीला मोजक्याच रेषा असतात: पाठीची कमान, सोंड, कान, पाय. नखं नाहीत, सुरकुत्या नाहीत, तरी भोवती फेर धरणाऱ्यांतली सर्वांत लहान मुलगीही त्याला ओळखते. लोकरीच्या हत्तीलाही एवढं पुरतं. एक टाका म्हणजे एक ठिपका, आणि तळहाताएवढ्या हत्तीच्या तोंडावर असे ठिपके थोडेच बसतात. मोजक्या रेषा घ्यायच्या तर आपल्याच हत्तीच्या घ्याव्यात असं मला मनापासून वाटतं. परदेशी नमुन्यांतले पुष्कळ हत्ती पंख्याएवढ्या कानांचे, म्हणजे आफ्रिकी असतात. आपल्या हत्तीचे कान लहान, कपाळावर दोन उंचवटे आणि पाठ वर उचललेली. पाठीच्या तुकड्यात मधोमध थोडे टाके वाढवून पुढे तेवढेच कमी केले, की ती पाठ येते.

ठिपका चौकोनी नसतो, हेही ध्यानात ठेवावं लागतं. टाका उंचीपेक्षा रुंदीला जास्त. साधारण पाच टाक्यांच्या रुंदीला सात ओळी विणल्या तर चौकोन होतो. चौकटीच्या वहीत काढलेला हत्ती घर मोजून जसाच्या तसा विणला तर बुटका आणि पसरट निघतो. म्हणून आधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवरचा एक लहान तुकडा विणून पट्टीने मोजायचा आणि मगच आकडे मांडायचे. सुईसुद्धा वेष्टनावर लिहिलेली घेऊ नये. लोकरीला दहा नंबरची सुई सांगितली असेल तर खेळण्यासाठी मी बारा नंबर घेते. आपल्याकडच्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. दहा म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, बारा म्हणजे पावणेतीन. ओळी हळू चढतात, बोटं भरून येतात, पण वीण घट्ट येते. सैल विणलेल्या हत्तीच्या पोटात फायबर भरलं की टाके उघडतात, आतलं पांढरं डोकावतं, आणि ते नंतर कशानेही झाकता येत नाही.

सोंडेपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळते. सरळ पट्टीची नळी शिवली तर सोंड नुसती लोंबते. तिला बाक हवा, आणि तो शिवून आणता येत नाही; विणीतच असावा लागतो. मोज्याची टाच ज्या युक्तीने वळते तीच इथे चालते. ओळ पुरी करायची नाही, शेवटचे काही टाके सोडून मधूनच उलटं फिरायचं, दुसऱ्या बाजूलाही तेवढेच टाके सोडून परत यायचं. मधल्या टाक्यांवर दोन ओळी जास्तीच्या चढतात, कडांवर चढत नाहीत. दर चार-सहा ओळींनी असं करत गेलं की पट्टी मधे लांब आणि कडांना आखूड होते. कडा एकमेकींना शिवल्या की सोंड शिवणीच्या बाजूला आपोआप वळते. शिवण खाली ठेवली तर सोंड तोंडाकडे येते, काहीतरी खात असल्यासारखी. तीच शिवण कपाळाच्या बाजूला घेतली तर सोंड वर उठते. पट्टी एकच, हत्ती दोन. कोणता हवा ते शिवताना ठरतं.

शिवायला मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई लागते. टोकदार सुई लोकरीचे पदर चिरते. दोन्ही तुकडे सुलट बाजू वर करून शेजारी शेजारी ठेवायचे. कडेचा टाका आणि त्याच्या आतला टाका यांच्यामधे, जरा ताणून पाहिलं की, एक आडवी दोरी दिसते. इकडची एक उचलायची, तिकडची एक. चार-पाच झाल्या की धागा हलकेच ओढायचा. दोन्ही कडा आत जातात आणि टाक्याला टाका असा लागतो, की शिवण कुठे आहे ते विणणारीलाही बोटाने चाचपावं लागतं. कितीही वेळा केलं तरी मला या ओढीचा आनंद होतो. पायाच्या आणि डोक्याच्या टोकाशी टाके बंद करायचेच नाहीत. लोकर तोडून, सुईत ओवून, उरलेल्या टाक्यांतून फिरवायची आणि ओढायची. उकडीच्या मोदकाच्या पाऱ्या वर एकत्र याव्या तसे टाके मिटतात.

पूर्वी खेळण्यांत कापूस भरत. धुतल्यावर त्याचे गोळे होतात, म्हणून आता उशांत घालतात ते फायबर बरं. मात्र मूठभर एकदम कोंबलं तर त्याच्याही गाठी होतात आणि त्या बाहेरून दिसतात. चिमटीएवढं घ्यावं, बोटांनी पिंजावं आणि पेन्सिलीच्या बोथट टोकाने कडांपासून आत भरत यावं. पाय घट्ट, म्हणजे हत्ती उभा राहील. पोट मऊ, कारण त्यावर कुणाचा तरी गाल टेकणार आहे. सोंडेचं मूळ सगळ्यात घट्ट आणि दुहेरी शिवणीचं, कारण मूल हत्ती उचलतं ते सोंडेला धरून.

जर्मनीतल्या गीन्गेन या गावी मार्गारेट श्टाइफ नावाची शिवणकाम करणारी बाई होती. दीड वर्षांची असताना पोलिओ झाल्यामुळे ती चाकाच्या खुर्चीत असे, आणि उजवा हातही अधू होता. १८८० च्या सुमारास तिने एका मासिकातला नमुना घेऊन फेल्टचे छोटे हत्ती शिवले, ते टाचण्या खोचून ठेवायला. मुलांनी ते उचलून खेळायला नेले. तिच्या जगप्रसिद्ध खेळण्यांच्या कारखान्याची सुरुवात त्या हत्तींपासून झाली. मला या गोष्टीतली मुलं फार आवडतात. आपल्यासाठी केलेलं नसूनही त्यांनी बरोबर ओळखलं, की हातात मावतं, मऊ आहे आणि त्याला चेहरा आहे.

चेहरा. कॉनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडलं, की मोठं डोकं, फुगीर कपाळ, चेहऱ्यावर खाली बसलेले मोठे डोळे आणि गुबगुबीत गाल दिसले, की माणसाला जपावंसं वाटतं. केंब्रिजच्या रॉबर्ट हाइंड यांनी बार्डन यांच्यासोबत जुन्या-नव्या टेडी अस्वलांची मापं घेतली आणि १९८५ मध्ये ती प्रसिद्ध केली: काळ पुढे सरकला तशी अस्वलांची कपाळं मोठी आणि तोंडं आखूड होत गेली होती. हे सगळं घरी दोन काळ्या डोक्याच्या टाचण्यांनी पडताळता येतं. डोळ्यांच्या जागी त्या खोचायच्या, हत्ती समोरच्या खुर्चीवर ठेवायचा आणि मागे सरून पाहायचं. टाचण्या वर आणि जवळ असल्या तर हत्ती पोक्त, थोडा संशयी दिसतो. दोन ओळी खाली, एक-एक टाका बाहेर सरकवल्या की तोच बाळ होतो. कानांचंही तसंच. सपाट शिवला तर कान चिकटवलेला वाटतो; मुळाशी किंचित कमान देऊन शिवला तर तो ऐकतोय असं वाटतं. घाई करायची नाही. रात्री टाचण्या लावून सकाळच्या उजेडात पुन्हा पाहावं आणि मगच सुईत दोरा ओवावा. काम संपलं की टाचण्या मोजून डबीत ठेवाव्यात. एकही कमी भरली तर हत्ती घराबाहेर जाऊ देऊ नये.

तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी डोळे दोऱ्याने भरलेलेच हवेत. मणी नको, बटण नको. खेळण्यांच्या सुरक्षेच्या मानकात ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी सांगितलेली असते. सुटा भाग तिच्यात पूर्ण मावला, तर तो लहान मुलाच्या घशात अडकण्याचा धोका धरतात. कोटाचं बटणही त्या नळीत मावतं. घरी केलेल्या हत्तीची तपासणी करायला कुणी येत नाही, ती आपण करायची. दोन्ही कान धरून जोरात ओढावेत, सोंड पिळावी, शेपूट हिसकावी. निघायचं असेल ते आपल्या हातात निघावं.

आणि मग तो द्यावा, खेळायला. रुखवतात मांडलेले लोकरीचे ससे आणि बाहुल्या नंतर प्लॅस्टिकच्या पिशवीसकट शोकेसमध्ये गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि मला ते बरं वाटत नाही. बाळंतविड्यातल्या कुंचीला, दुपट्याला आपण असं काचेआड ठेवत नाही. हत्ती मळू दे, चावला जाऊ दे, त्याच्या एका कानाचा रंग उडू दे. डॉनल्ड विनिकॉट या बालरोगतज्ज्ञांनी १९५३ च्या निबंधात लिहिलं आहे, की मुलाची लाडकी वस्तू आई मळकी राहू देते, कारण धुतली तर मुलाच्या अनुभवात खंड पडेल हे तिला कळतं. धुवायचाच झाला तर कोमट पाण्यात, टॉवेलमध्ये दाबून, वाऱ्यावर आडवा वाळवावा. कानाला चिमटा लावून टांगू नये, आणि ॲक्रिलिक लोकरीला इस्त्री कधीच लावू नये.

शेवटी एक करा. लोकरीच्या वेष्टनावर रंगाच्या नंबराशेजारी लॉटचा नंबर असतो. वर्षभराने दुकानात तोच रंग मिळेल, तोच लॉट बहुधा मिळणार नाही, आणि दोन राखाडींतला फरक नव्याने शिवलेल्या कानाशी लगेच दिसतो. तेव्हा हत्ती देताना त्याच लोकरीची एक लहान लड आणि ती बोथट सुई पाकिटात घालून सोबत द्या. कान कधीतरी सुटेलच, आणि तेव्हा तो त्या घरातल्याच कुणालातरी शिवता यायला हवा.